पावणेसहाची असोदा

सिनेमा संपायला वीस-पंचवीस मिनिटं उरली की आमचे नाना उठतात. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. नायिकेच्या गळ्याला सुरा लागलेला असो, बारा वर्षांनी भेटलेल्या भावाच्या दंडावरची खूण आता दिसेल की मग अशी वेळ आलेली असो, नाहीतर कोर्टात न्यायाधीशाने निकाल वाचायला चष्मा चढवलेला असो. नाना गुडघ्यांवर हात टेकतात, "चला, गाडी लागली," म्हणतात, दारातल्या चपला पायात सरकवतात आणि निघून जातात. गेली नऊ वर्षं दर रविवारी माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीसमोर हे घडतंय, आणि दर रविवारी माझं डोकं फिरतं.

कारण मी गणिताचा मास्तर. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उदाहरण शेवटपर्यंत सोडवत आणून उत्तर न लिहिता वही मिटणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. उत्तराखाली दोन रेघा मारल्याशिवाय मला जेवण जात नाही. अशा माणसाच्या शेजारी देवाने हा गृहस्थ आणून ठेवला.

नाना म्हणजे रघुनाथ चौधरी. मूळचे असोद्याचे. नोकरी जळगावात, एका सरकारी कचेरीत. आवक-जावक सांभाळता सांभाळता निवृत्त झाले आणि आमच्या शेजारी घर बांधून राहिले. अंगाने किडकिडीत, डोक्याला तेल भरपूर, खिशात कंगवा. स्वभाव म्हणाल तर गरीब, पण "आपलं ठरलंय" हे दोन शब्द तोंडातून गेले की मग खुद्द ब्रह्मदेव आला तरी त्याला चहा पाजून परत पाठवतील. एकदा डॉक्टरांनी शेजारच्या जोशांना गोड बंद करायला सांगितलं. ते ऐकून नानांनी स्वतःचं गोड बंद केलं. "अहो, तुम्हाला कुठे साखर आहे?" असं विचारलं तर म्हणाले, "नाही ना. पण आपलं ठरलंय." जोशी आता दोन वेळा जिलबी खातात. नाना अजून खात नाहीत.

रविवारी तीन वाजता एका वाहिनीवर जुना सिनेमा लागतो. जाहिराती धरून तो सहाला संपतो. नानांच्या घरच्या टीव्हीवर त्या वेळेला त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, मालिकांचं राज्य असतं, म्हणून नाना आमच्याकडे येतात. तिसरे सभासद शांतिलालजी. यांचं कापडाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. तिघांनाही जुन्या सिनेमांचं वेड. पण प्रत्येकाचं वेड वेगळ्या गावचं, त्यामुळे एकच सिनेमा तिघांनी पाहिलाय हे सिद्ध व्हायलाच अर्धा तास जातो.

नाना सिनेमाचं नाव कधीच घेत नाहीत. त्यांच्या हिशेबी सिनेमा ओळखायचा तो परतीच्या एसटीवरून. "आज तो टायर फुटल्याचा लागणार आहे," असं ते म्हणतात. सिनेमात कुठे टायर फुटत नाही. तो सिनेमा पाहून असोद्याला परत जाताना बसचा टायर फुटला होता, एवढंच. तसाच एक ‘बोकडाचा’. म्हणजे त्या दिवशी बसमध्ये कुणीतरी बोकड घेऊन चढलं होतं. ‘आबा रडल्याचा’ म्हणून एक आहे, तो खरं तर चांगला हसवणारा सिनेमा आहे. पण परत जाताना गावातले एक आबा असोद्यापर्यंत रडत होते. त्यांची दाढ दुखत होती.

शांतिलालजी सिनेमा ओळखतात कापडावरून. "तो, ज्यात हिरॉईन मोरपंखी शालू नेसून जिन्यावरून उतरते," असं ते म्हणतात आणि त्या शालूचे काठ कसे होते ते बोटांनी हवेत काढून दाखवतात. सिनेमा काळा-पांढरा आहे हे मी एकदा त्यांच्या नजरेस आणून दिलं. त्यावर माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "सर, कपडा समजनेवाले को रंग दिखता है."

तर असे आम्ही तिघे. अडीच तास आनंदात जातात. कुणाच्या कुठल्या गाण्यावर थिएटरात नाणी उधळली, कुठल्या खलनायकाला बायका पदर खोचून शिव्या द्यायच्या, कुठला नट घोड्यावर बसायला घाबरायचा, सगळं निघतं. आणि मग साडेपाच वाजून जातात, गोष्ट टोकाला येते आणि नाना उठतात.

"अरे भई नाना," शांतिलालजी कळवळून म्हणतात, "अडीच तास बसलात, आता वीस-पंचवीस मिनिटं बसा की!"

"गाडी सुटंल," नाना म्हणतात.

नाना खरोखरच पावणेसहाची असोद्याची बस पकडतात आणि गावी जाऊन येतात. गावात थोडी जमीन आहे, थोरली बहीण अक्का आहे, बघायला जात असतील असं आम्ही धरून चाललो होतो. पण पुढची बस सव्वासहाला आहे. त्या बसने गेलं तर असोदा काही पळून जात नाही. हे मी त्यांना वेळापत्रकाचा कागद समोर धरून समजावलं. नाना म्हणाले, "ती धारेला पोचत नाही."

मग एकदा त्यांनी हे धार प्रकरण सांगितलं. कॉलेजात असताना ते असोद्याहून जळगावला रविवारी तीन ते सहाचा खेळ पाहायला यायचे. वडिलांनी परवानगी दिली होती, पण एका अटीवर. संध्याकाळी म्हशीच्या धारेला हजर पाहिजे. म्हैस मोठी लहरी होती. नानांचा हात लागल्याशिवाय पान्हा सोडत नसे. दुसऱ्या कुणी बसलं तर लाथ मारून दुधाची चरवी सांडायची. त्यामुळे पावणेसहाची बस चुकवायची सोय नव्हती, आणि ती पकडायची तर सिनेमाची शेवटची वीस-पंचवीस मिनिटं सोडणं आलं. म्हशीपायी या माणसाने एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही.

"बरं, पण नाना," मी म्हणालो, "ती म्हैस जाऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील."

"झाली ना."

"मग आता शेवट पाहायला काय हरकत आहे?"

नानांनी खिशातून कंगवा काढला, तेवढेसे केस सारखे केले, आणि म्हणाले, "शेवट पाहिला की माणूस बांधला जातो, सर. नाही पाहिला तर आपण मोकळे."

बरं, हा माणूस नुसता शेवट पाहत नाही असं असतं तरी मी सोडून दिलं असतं. पण सोमवारी सकाळी कॉलनीतल्या निंबाखालच्या बाकावर बसून तो शेवट सांगतो! शांतिलालजी मला डोळा मारून विचारतात, "तर मग नाना, काल काय झालं शेवटी?" आणि नाना अत्यंत गंभीरपणे सांगायला लागतात. दरोडेखोराच्या सिनेमात आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं की नायिका त्याला वाचवताना गोळी खाऊन मरते. नानांच्या सिनेमात दरोडेखोर तुरुंगात जातो आणि नायिका तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी टाकते.

पहिल्यांदा मला वाटलं, सुचलं असेल काहीतरी. पण दुसऱ्या सिनेमात नायिका नदीत उडी टाकायला निघालेली, नानांनी तिला काठावरून परत आणली आणि पिठाची गिरणी टाकून दिली. तिसऱ्यातली सासूने हाकललेली सून, तिचीही गिरणी. मिरचीकांडप सुद्धा होतं तिच्याकडे. एकदा राजा-राणीचा सिनेमा लागला. मी मनात म्हटलं, आता बघू. सोमवारी नाना म्हणाले, राणीने मुकुट काढून ठेवला आणि राजवाड्याच्या मागच्या अंगाला गिरणी सुरू केली.

"राजवाड्यात गिरणी?" मी ओरडलोच.

"राजवाड्यातल्या माणसांना भाकरी लागत नाही का?" नाना म्हणाले.

या हट्टाची कमाल झाली ती धुळ्याला. नानांची मुलगी धुळ्यात दिलेली आहे. नाना तिच्याकडे चार दिवस राहायला म्हणून गेले. नेमका रविवार आला, नेमका टीव्हीवर ‘बोकडाचा’ लागला, आणि व्याही निघाले सिनेमाचे दर्दी. त्यांना शेवट सांगायची भारी हौस. साडेपाचला नाना उठले तसे व्याहीही उठले आणि शेवट तर सगळ्यांत भारी आहे, असं आपल्या अहिराणीत सांगायला लागले.

"नाना, कोठे चालनात? शेवट तं बठ्ठास्मा भारी शे!"

नाना अंगणात आले. व्याही अंगणात आले. "आते त्याना भाऊ येस, आनि..." नानांनी कानात बोटं घातली आणि गल्लीत आले. व्याही मागोमाग. "हिरोईननं काय व्हस ते तं ऐकी ल्या!" मे महिन्यातलं धुळ्याचं ऊन, पुढे कानात बोटं घातलेले नाना, मागे हातवारे करत शेवट सांगणारे व्याही, आणि त्यांच्यामागे "बाबा, चप्पल तरी घाला" म्हणत धावणारी मुलगी. नाना तसेच स्टँडवर गेले आणि समोर उभ्या असलेल्या जळगावच्या गाडीत जाऊन बसले. चार दिवसांची पिशवी मुलीने दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हाती पाठवली. व्याही दुखावले, ते आजतागायत. नाना म्हणतात, माणूस चांगला आहे, पण शेवट पोटात राहत नाही त्याच्या.

हे सगळं मी आजवर लोकांना हसून सांगत आलो. आता सांगताना तेवढं हसू येत नाही, कारण पुढे जे झालं ते झालं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या सौभाग्यवतींनी नवी सतरंजी आणून टीव्हीसमोर घातली होती. सिनेमा होता नवऱ्याने टाकलेल्या बायकोचा. श्रीमंत नवरा संशय घेऊन तिला घराबाहेर काढतो, ती रस्त्यावर खडी फोडते, आणि सात वर्षांनी त्याला आपली चूक कळते. तो मोटार घेऊन तिच्या झोपडीशी येतो. दार वाजवतो. जाहिरात लागली. साडेपाच वाजून गेले होते. नाना म्हणाले, "चला, गाडी लागली," उठले, सतरंजीच्या काठात पाय अडकला आणि धाडकन खाली आले.

आम्ही तिघंही ओरडलो. पाऊल भलत्याच बाजूला वळलं होतं. शांतिलालजी पाणी आणायला धावले, सौभाग्यवती बाम शोधायला, मी त्यांना उचलायला वाकलो. तेवढ्यात जाहिरात संपली आणि झोपडीचं दार किरकिरलं.

"आधी टीव्ही बंद करा!" नाना पडल्या जागेवरून गरजले.

रिमोट सापडेना. तो पडताना नानांच्या हाताने कुठेतरी उडाला होता. नानांनी डोळे गच्च मिटले, दोन्ही कानांवर हात दाबले आणि त्या अवस्थेत मोठमोठ्याने "विठ्ठल विठ्ठल" सुरू केलं. शेवटी मी भिंतीवरचा प्लगच उपटला. मग त्यांनी एक डोळा उघडून खात्री केली आणि कण्हायला सुरुवात केली.

"सर," कण्हता कण्हता ते म्हणाले, "पावणेसहाची धरा."

"कसली पावणेसहाची? दवाखान्यात जायचंय!"

"मला शांतिलालजी नेतील. तुम्ही असोद्याला जा. अक्का वाट पाहत असंल. तिला शेवट सांगायचाय."

"फोन करून सांगू की."

"गिरणीने तिचे कान अर्धे नेले. फोनवर ऐकू येत नाही तिला. समोर बसून सांगावं लागतं." आणि माझा हात धरून म्हणाले, "एक रविवार चुकला नाही अजून. धुळ्याहूनही त्याच रात्री पोचलो होतो. चुकवायचा नाही. आपलं ठरलंय."

गिरणी हा शब्द माझ्या डोक्यात कुठेतरी टोचला, पण विचार करायला सवड नव्हती. नाना जमिनीवर पडून मला शेवट सांगत होते. घामाने चेहरा भिजलेला, पण एकेक वाक्य तोलून. ती दार उघडते. नवरा म्हणतो, घरी चल. ती म्हणते, आलात, बसा, पाणी घ्या, एवढं दळण संपलं की बोलू. म्हणजे तिची गिरणी असते, हे आधी सांगायचं. नवरा बसतो. आणि दळण काही संपत नाही. गिऱ्हाईक येतच राहतं. "एवढंच सांगा. जास्त रंगवू नका. आणि सर, बसनेच जा. शेवट बसमध्ये पिकतो."

तेवढ्यात रिक्षा आली, शांतिलालजींनी आणि रिक्षावाल्याने त्यांना उचलून नेलं. मी घड्याळ पाहिलं तर पावणेसहाला चार मिनिटं. स्टँडवर पोचेपर्यंत बस गेलेली असणार. मी स्कूटर काढली. बसपेक्षा दहा-पंधरा मिनिटं आधीच पोचेन, असा हिशेबही रस्त्यात केला आणि मला बरंच वाटलं. मोठी चूक केली ती इथेच.

अक्काचं घर सापडायला त्रास झाला नाही. गल्लीच्या तोंडाशीच कुणीतरी म्हणालं, "गिरणीवाली अक्का ना? ते काय, ते." पुढच्या खोलीत गिरणी होती. पट्टा उतरवून ठेवलेला, सगळ्यावर पिठाची भुकटी, भिंतीला टेकवलेले लोकांचे डबे. गिरणी बंद होती, पण आतून मोठा आवाज येत होता. एक बाई हुंदके देत होती आणि एक पुरुष "मला क्षमा कर" म्हणत होता. मी घाबरून आत डोकावलो.

आतल्या खोलीत जुना, पेटीसारखा टीव्ही होता. आवाज शेवटच्या टोकाला लावलेला. समोर पाटावर ऐंशीच्या घरातल्या एक बाई ताठ बसून पाहत होत्या. पडद्यावर आमचीच झोपडी, आमचाच मोटारवाला. त्या खडी फोडणाऱ्या बाईने नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं, चूक माझीच होती म्हणाली, आणि त्याच्या मांडीवर प्राण सोडला. मागे सनई का काय ते वाजलं आणि ‘समाप्त’ आलं.

अक्काने मान वळवली आणि मला दारात पाहिलं. कॉपी करताना पकडलेल्या पोरांचे चेहरे मी आयुष्यभर पाहिलेत. हुबेहूब तसा चेहरा. झटकन उठून त्यांनी टीव्ही बंद केला.

"नाना कुठी?" त्यांनी विचारलं.

मी कोण, ते मोठ्या आवाजात सांगितलं. पायाचं सांगितलं. जिवाला धोका नाही, प्लास्टर लागेल, हे तीनदा सांगितलं. "अव माय," म्हणून त्या मटकन खाली बसल्या. मग पाणी दिलं. मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुम्ही पाह्यलं ना आता?" त्या म्हणाल्या. "त्याले सांगू नका, मास्तर."

"तुम्ही दर रविवारी पाहता?"

"सगये पाह्यले. पार शेवटलोक. गाडी यायच्या आधी टीव्ही झाकून ठेवते." मग टीव्हीकडे हात करून म्हणाल्या, "एकाही सिनेमात धड नही. बाई मरते, नही तं नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते. दुसरं काहीच नही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. विसाव्या वर्षी त्यांना नवऱ्याने माहेरी आणून सोडलं. नेतो म्हणाला, आला नाही. टाकलेल्या बाईने त्या काळी घराबाहेर पडायची चोरी, सिनेमा तर लांबच. रविवारी नाना जळगावहून यायचे, धारेला बसायचे, आणि अक्का रेडकू धरून उभ्या राहायच्या. चरवी भरेपर्यंत नाना सिनेमा सांगायचे.

"तो सांगे, मी रेडकू धरे. शेवट आला की म्हने, अक्का, शेवट पाह्यला नही, गाडी व्हती. मी म्हने, मंग ती बाई काय करीन रे? मले तं एकच दिसे. आमच्या वावरात इहीर व्हती." अक्काने बोटावरचा पदर सोडला. "त्याच्या ध्यानात आलं असंल. पोरगा हुशार व्हता. मंग एक दिवस म्हने, अक्का, आज शेवट समजला. गाडीत एका मानसानं सांगितला. त्या बाईनं पिठाची गिरणी टाकली."

"आणि तुम्ही खरं मानलंत?"

"पहिले हसली मी. असा कुठी सिनेमा असतो का? पन रात्रभर तेच डोक्यात. आठ दिवसांनी पाटल्या मोडल्या. आमच्या बापाले सांगितलं, मले गिरणी टाकून द्या." त्यांनी पुढच्या खोलीकडे पाहिलं. "त्या वक्ताले त्यानं खरे शेवट पाह्यले असते आन खरे सांगितले असते, तं मी इहीर जवय केली असती, मास्तर. टीव्ही आला तवा मले हे समजलं. पहिलाच सिनेमा पाह्यला आन लई रडली. सिनेमासाठी नही रडली."

नऊ वर्षं मी त्या माणसाला वेळापत्रक दाखवत होतो. शेवट पाहिला की माणूस बांधला जातो, हे त्यांनी मला साध्या मराठीत सांगितलं होतं आणि मला कळलं नव्हतं. पाहिला असता तर अक्काला खोटं सांगावं लागलं असतं. पाहिला नाही, म्हणून काहीही सांगायला मोकळे. मला स्वतःची लाज वाटली.

"पण तुम्ही पाहता हे त्यांना सांगितलं तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"मंग तो सांगनार नही ना," अक्का म्हणाल्या. "मले माझ्या नानाचा शेवट लागतो." आणि पाट पुढे ओढून माझ्यासमोर बसल्या. "बोला. काय म्हने तो?"

मी घसा साफ केला. नानांनी सांगितलं तसंच, न रंगवता सांगितलं. तिची गिरणी असते. नवरा येतो. आलात, बसा, पाणी घ्या, एवढं दळण संपलं की बोलू. आणि दळण काही संपत नाही.

अक्काचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आला व्हता तो," त्या म्हणाल्या. "गिरणी टाकल्यावर चौथ्या वर्षी. चल म्हने. मी म्हटलं, दळण संपू द्या. सकाळपासून बसला तठी, डब्यापाशी. नानानं अख्ख्या गल्लीले सांगून ठेवलं व्हतं, डबे आना रे, डबे आना. बाजरी काय, दादर ज्वारी काय, दळलेलं पीठ पुन्हा दळाले आनलं लोकाईनं! पिठानं पांढरा झाला सारा. मंग संध्याकाळी पावणेसहाची जयगावहून आली, तिच्यातच बसून परत गेला. पुन्हा आला नही."

त्या डोळे पुसत होत्या, तेवढ्यात रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. अक्का सवयीने उठल्या, टीव्हीवर भरतकामाचा रुमाल टाकला, आणि मग नाना आज येणार नाहीत हे ध्यानात येऊन तशाच उभ्या राहिल्या.

परत आलो तेव्हा नाना प्लास्टर घालून घरी आलेले होते. पाय उशीवर. काकू आणि शांतिलालजी दोन बाजूंना. मला पाहताच म्हणाले, "काय म्हणाली अक्का?"

"हसल्या."

"कुठे हसली? दळण संपत नाही, तिथे?"

"तिथेच."

नाना समाधानाने मागे टेकले. मी उत्तर खिशात घेऊन उभा होतो, लिहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

डॉक्टरांनी हलायला बंदी केलेली होती. तरी पुढच्या रविवारी नाना बरोबर तीनला आमच्याकडे हजर. काठी, प्लास्टर आणि खिशात कंगवा. साडेपाच वाजून गेले तसा मी रिमोट उचलायला गेलो, पण शांतिलालजींनी आधीच टीव्ही बंद केला होता. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "चला, गाडी लागली," आणि नानांच्या काखेत हात घातला. रिक्षाने जाऊ म्हटलं तर नाना ऐकेनात. आम्ही दोघांनी त्यांना उचलून पावणेसहाच्या बसमध्ये चढवलं. कंडक्टर ओरडला, नानांनी त्याला "आपलं ठरलंय," म्हणून गप्प केलं. सगळ्या वाटेत ते खिडकीबाहेर केळीच्या बागांकडे बघत होते. ओठ हलत होते.

अक्का दारात उभ्या होत्या. टीव्हीवर रुमाल, पाट मांडलेला, पाणी काढलेलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नानांना खाटेवर बसवताना टेकायला म्हणून माझा हात टीव्हीवर गेला. रुमालाखाली टीव्ही चांगला गरम होता. मी हात तिथेच ठेवला आणि शांतिलालजी टेकायला आले तेव्हा त्यांना दुसरीकडे बसवलं.

अक्काने पायाची चौकशी केली, प्लास्टरवर बोटाने वाजवून पाहिलं, ओरडून घेतलं. मग पाट ओढून भावाच्या अगदी जवळ, तोंडाशी कान नेऊन बसल्या.

"मंग, नाना?" त्या म्हणाल्या. "शेवटी काय झालं?"